प्रार्थनेतला पापड

वारज्यातल्या नव्याकोऱ्या फ्लॅटमध्ये, नोएल रणभिसेच्या घराच्या उपकारस्तुतीच्या जेवणाआधी, शांतवन अमोलिक प्रार्थनेत अब्राहामाला खास्द्यांच्या ऊर गावातून बाहेर काढत असतानाच कुणीतरी पापड मोडला.

आवाज म्हणावा तर फार मोठा नव्हता. उडदाचा तळलेला पापड मोडताना होतो तेवढाच. आधी एक कट्, मग दातांखालची बारीक कुरकुर, आणि मग घास तोंडातच धरून ठेवल्याची अपराधी शांतता. पण अमोलिकांचं सगळं आयुष्य टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडण्यात गेलेलं. पुढे पोराटोरांच्या खिशात मोबाइल आले, ट्रंक कॉल गेले, अमोलिक निवृत्त झाले; कान मात्र निवृत्त व्हायला तयार नव्हता. लाइनीवर तिसऱ्या कुणी नुसता श्वास घेतला तरी त्या कानाला कळायचं. इथे तर पापड होता. आणि अमोलिकांची प्रार्थना चालू असताना पापड मोडला जाणं ही गोष्ट कॅम्पातल्या त्यांच्या चर्चच्या मंडळीत आजवर घडलेली नव्हती. बाप्तिस्मा असो, साखरपुडा असो, कुणाचा मुलगा दुबईला निघालेला असो नाहीतर कुणाच्या मुलीला हिंजवडीत नोकरी लागलेली असो, लोक पाळकांच्या आधी अमोलिकांना फोन करत. त्यांची प्रार्थना सुरू व्हायची ती थेट उत्पत्तीपासून. आधी प्रकाश व्हायचा, मग जलं वेगळी व्हायची, पशुपक्षी आपापल्या जातीप्रमाणे निपजायचे, नोहाचं तारू डोंगराला लागायचं, आणि असं सगळं यथासांग होत होत शेवटी परमेश्वराची कृपा ज्याच्या घरी जेवण असेल त्याच्या दारात येऊन उभी राहायची. जुन्या बायकांनी स्वयंपाकाचा हिशेबच त्यावर बसवला होता. मोशे तांबड्या समुद्रापाशी आला की पुऱ्या तळायला घ्यायच्या.

तर पापड मोडला आणि अमोलिकांनी डोळे उघडले. प्रार्थनेत डोळे उघडायचे नसतात हे त्यांना बोलता यायच्या आधीपासून ठाऊक होतं, आणि आजवर त्यांनी ते उघडलेही नव्हते. त्यामुळे समोर जे दिसलं ते त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. कुणाचेच डोळे मिटलेले नव्हते. नोएल हात जोडून आपल्याच नव्या छताकडे कौतुकाने बघत होता. त्याचे ऑफिसातले मित्र टेबलाखाली मोबाइलची बटणं दाबत होते. पाटोळे पाळक मान किंचित तिरकी करून, अत्यंत भक्तिभावाने, नव्या फ्रिजवर चिकटवलेला कागद वाचत होते. आणि कुणीही वैतागलेलं नव्हतं, हे सर्वांत वाईट होतं. सगळे निवांत होते. बस उशिराच येणार हे माहीत असलेली माणसं थांब्यावर जशी निवांत असतात, तशी. मग अमोलिकांची नजर फिरत फिरत पापडापाशी आली. अर्धा पापड त्यांच्या बायकोच्या हातात होता. उरलेल्या अर्ध्याने तबिथाबाईंचा डावा गाल फुगला होता, आणि त्या थेट अमोलिकांकडेच बघत होत्या.

"येशूच्या नावाने मागतो, आमेन," अमोलिक म्हणाले. अब्राहाम तसाच वाटेत राहिला.

आमेनला उत्तर आलं नाही. भरधाव गाडीने अचानक ब्रेक लावल्यावर होतं तसं सगळे जागच्या जागी हलले. पाळकांनी फ्रिजवरून नजर काढली. मागून कुणीतरी "झाली?" असं विचारलं, त्यात आनंदापेक्षा काळजी जास्त होती, आणि नोएलची बायको धावत स्वयंपाकघरात गेली, कारण कढईखाली गॅससुद्धा पेटवलेला नव्हता. त्या दिवशी मंडळीने आमटी गार खाल्ली, आणि वाढताना जो तो अमोलिकांना विचारत होता, तब्येत बरी आहे ना.

परतताना स्कूटरने वारज्याचा पूल ओलांडला. मग तबिथाबाई मागून म्हणाल्या, "साखर उतरली होती. हातपाय कापायला लागले."

"सांगायचं होतं मग."

"कुणाला? तुम्ही अब्राहामाबरोबर होता." त्या पुढे म्हणाल्या, "नोहापर्यंत थांबले मी. तो तारवातून बाहेर पडला तेव्हा म्हटलं, आता होईल. तर तुम्ही अब्राहाम घेतलात. मला पुढे मोशे दिसायला लागला."

अमोलिकांनी गिअर बदलला. कर्वेनगरची पाटी मागे गेली. मग त्यांनी, जणू रस्त्यालाच विचारावं तसं, विचारलं, "सगळे डोळे उघडे ठेवूनच असतात?"

"असतात म्हणजे?"

"नेहमी?"

स्कूटर गतिरोधकावरून गेली. तबिथाबाईंनी त्यांच्या खांद्याला धरलं, पुन्हा सोडलं. "तुमचा आवाज चांगला आहे," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळपासून अमोलिकांना प्रार्थना येईनाशी झाली. येईनाशी म्हणजे शब्द सगळे होते, जागच्या जागी होते, हाक मारली की रांगेत येऊन उभे राहत होते. पण 'हे स्वर्गीय पित्या' एवढं म्हटलं की त्यांचाच कान उठून पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसायचा आणि ऐकायला लागायचा. बरं म्हणालास, कान म्हणायचा. 'पित्या'वर सूर छान लागला. आता थोडं थांब, म्हणजे 'कृपा' हा शब्द उठून दिसेल. आणि मग अमोलिक खरोखरच थांबत, आणि थांबलेल्या जागी त्यांना लाज वाटे. एकदा बाथरूममध्ये त्यांनी 'कृपा' हा शब्द नुसताच म्हणून पाहिला. कृपा, कृपा, कृपा. हळूहळू त्यातला अर्थ निथळून गेला आणि नळातून बादलीत पडणाऱ्या पाण्यासारखा नुसता आवाज उरला. त्या आवाजाने ते इतके घाबरले की पाठीला साबण तसाच ठेवून बाहेर आले. इतकी वर्षं ते बोलत होते ते कुणाशी? ट्रंक कॉल जोडताना आधी पलीकडे कुणी आहे का ते बघायचं असतं. नुसतं हॅलो हॅलो करून भागत नाही, हे नवीन मुलींना शिकवणारे अमोलिकच होते.

आणि मग त्यांना तो केक आठवला. राहुरीकडच्या मिशनच्या बोर्डिंगात ते लहान असताना एका ख्रिस्तजयंतीला मिससाहेबांनी मुलांना विचारलं होतं, आज प्रार्थना कोण करील? कुणीच उठेना, तेव्हा शांतवन उठला. खरं तर त्याला लघवीला जायचं होतं. पण उठलाच आहे तर म्हणून त्याने डोळे मिटले आणि पाळकांची ऐकून ऐकून पाठ झालेली सगळी वाक्यं एकापुढे एक लावून दिली. डोळे उघडले तर मिससाहेबांच्या चष्म्यामागे पाणी होतं. त्यांनी त्याला जवळ घेतलं. त्यांच्या अंगाला लव्हेंडरचा आणि नॅफ्थलीनच्या गोळ्यांचा वास येत होता. त्यांनी त्याच्या हातावर मनुका घातलेल्या केकचा तुकडा ठेवला, बाकीच्या मुलांना मिळाला त्याच्या दुप्पट. तो केक अजून जिभेवर होता. घरी वडील प्रार्थना करता करता गुडघ्यांवर बसल्या बसल्या झोपी जात, दिवसभर रानात राबलेला माणूस, आणि आई पोरांना खुणेने गप्प करून म्हणे, असू दे, पोचलेत ते. बाप न बोलता पोचायचा. आपण मात्र त्या ख्रिस्तजयंतीपासून एक डोळा आतून उघडा ठेवून केक कुठून येतोय ते बघत राहिलो, असं अमोलिकांना वाटायला लागलं. आणि एकदा तसं वाटल्यावर ते वाटणं जाईना. मंडईत भाजी निवडताना, बँकेच्या रांगेत, दाढी करताना, सगळीकडे मनुकेची ती गोड चव येऊन जीभ लाजायची.

रविवारी उपासनेत पाटोळे पाळकांनी नेहमीप्रमाणे सहज त्यांच्याकडे हात केला आणि म्हणाले, मध्यस्थीची प्रार्थना ब्रदर अमोलिक करतील. अमोलिक उठले. अख्खी मंडळी आपापल्या बाकावर सैल झाली. ते सैल होणं आता त्यांना ऐकू येत होतं. लाकूड करकरलं, पर्सची चेन उघडली, कुणीतरी खडीसाखर तोंडात टाकली. अमोलिकांनी तोंड उघडलं, हात गळ्याकडे नेला आणि अत्यंत खणखणीत आवाजात म्हणाले, "घसा बसलाय."

माणूस खोटं बोलतो तेव्हा एकदाच बोलतो. नंतर ते खोटं आपलं आपण संसार थाटतं. उपासना संपायच्या आत अमोलिकांच्या घशाला ज्येष्ठमध, हळद-दूध, अडुळसा, लवंग आणि मिठाच्या गुळण्या सुचवून झाल्या होत्या. पाटोळे पाळकांनी आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत, कॅन्सरच्या एका पेशंटनंतर आणि एका मोडलेल्या मांडीच्या आधी, त्यांचा घसा घातला. अमोलिकांची मुलगी रूथ हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये होती. तिने मंडळीतल्या तरुणांचा ई-मेलवर एक प्रार्थनागट चालवला होता, आणि बापाला न विचारता तिने घशाची बातमी त्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी न्यू जर्सीतून एका मावसभावाचं उत्तर आलं की त्यांच्या रविवारच्या मंडळात अंकलच्या घशासाठी सगळे गुडघ्यांवर आले होते. सिंगापूरहून कुणी बायबलमधलं वचन पाठवलं. "पप्पा, तुमचा घसा तीन देशांत गेलाय," रूथ ऑफिसला जाता जाता म्हणाली. अमोलिक तेव्हा गुळण्या करत होते. घरातसुद्धा त्यांना कुजबुजून बोलावं लागत होतं. तबिथाबाईंना काय कळलं होतं नि काय नव्हतं, देव जाणे. त्या रोज सकाळी मीठ घातलेलं गरम पाणी मुकाट्याने पुढे ठेवत, जरा जास्तच गरम. हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण एका शुक्रवारी कुणीतरी सांगितलं की म्हाताऱ्या गोदाबाई साठे अमोलिकांच्या घशासाठी उपास करताहेत. गोदाबाई पहिल्या बाकावर बसत. पांढरं लुगडं, हातात काठी, चर्चच्या दिव्यांपेक्षा जुन्या. त्या दिवशी अमोलिकांच्या घशाखाली खरोखरच काही उतरेना. वरण-भाताचा घास फिरत राहिला. कुठेतरी एक म्हातारी उपाशी बसलीय आणि देवाला सांगतेय, त्याचा घसा बरा कर, आणि देव, जर ऐकत असेल तर, तिच्याकडे आणि आपल्याकडे आळीपाळीने बघतोय, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

अशातच लिफ्ट अडकली. अमोलिकांच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर अनंतराव केतकर राहत. शनिवार पेठेतून कर्वेनगरात आलेले, भूमितीचे निवृत्त शिक्षक. कर्वेनगरात भाजी मिळत नाही असं नव्हतं, पण मंडईतून आणलेल्या वांग्यालाच वांगं म्हणायचं असा त्यांचा नियम होता. देवाबद्दल कुणी विचारलं तर म्हणायचे, "वाद काही नाही. ओळखच नाही." तर त्या दुपारी अमोलिक लिफ्टमध्ये शिरले तेव्हा केतकर वांग्यांची पिशवी घेऊन आत उभे होते. दार लागता लागता सगळ्यांत वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी मुलगी धावत आली. ही मुलगी दोन वर्षं तिथे राहत होती. पाठीला कॉम्प्युटरची बॅग, कानाला फोन, आणि फोनवर सदानकदा इंग्रजी. अमोलिक प्रार्थनेत 'आमच्या देशाची तरुण पिढी' असं म्हणत तेव्हा अशाच मुली त्यांच्या डोळ्यांपुढे असत, एकत्रित. लिफ्ट सुरू झाली, पहिला मजला गेला, आणि दिवे गेले.

अंधार एकदम, झाकण लावल्यासारखा. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली.

"लोडशेडिंगच्या वेळापत्रकात आज नव्हतं," केतकर म्हणाले. "पण वेळापत्रक पाळायला वीज मंडळ काय शाळा आहे."

त्यांनी दार बडवलं. खालून वॉचमनचा आवाज आला, "साहेब, जनरेटरच्या खोलीची किल्ली सेक्रेटरीसायबांकडं हाय. ते वारज्याला गेल्यात."

"कधी येणार?"

"आले की सांगतो."

"मोबाइल आहे का तुमच्याकडे?" अमोलिकांनी विचारलं. केतकर म्हणाले, आहे, घरी आहे. बरोबर घेऊन फिरलं की लोक फोन करतात. मुलीच्या मोबाइलचा निळा चौकोन उजळला. "रेंज नाही," ती म्हणाली, आणि चौकोन विझला. वांग्यांचा कच्चा, देठाचा वास लिफ्टभर पसरला. मग अमोलिकांच्या कानाला ते आधी कळलं. मुलीचा श्वास आत जात होता आणि बाहेर यायचा विसरत होता. मग पुन्हा आत, आणखी वर, फाटलेल्या भात्यासारखा.

"काका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम दुसऱ्याच गावचा झाला. "काका, मले श्वास नाही येऊन राह्यला."

"नाकाने घ्या. खोल. सावकाश सोडा," केतकर वर्गात सांगावं तसं म्हणाले. सांगणं बरोबर होतं, पण अंधारात ते कुणाला लागू पडेना. मुलगी भिंतीला धरून खाली बसली, तिची बॅग भिंतीवर घासत गेल्याचा आवाज आला. श्वासात आता शिट्टी वाजत होती. अमोलिकही खाली बसले. गुडघे कटकन वाजले.

"अमोलिक," केतकर हळू आवाजात म्हणाले. "तुमचं ते करा."

"कुठलं?"

"ते हो. रविवारी करता ते."

"मला येत नाही सध्या."

"घसा?"

"घसा चांगला आहे," अमोलिक म्हणाले. अंधारात खरं बोलणं किती सोपं असतं याचं त्यांना मागाहून नवल वाटलं. तेव्हा वाटायला सवडच नव्हती. त्यांनी चाचपडत हात पुढे केला. मुलीचा हात लागला, गार आणि घामाने भिजलेला. तिने त्यांचा हात इतका घट्ट धरला की अंगठी बोटात रुतली.

"तुझं नाव काय गं?"

शिट्टीच्या मधून नाव आलं. "सृष्टी."

"प्रभू," अमोलिक म्हणाले. "ही सृष्टी."

आणि थांबले. सूर लावायला थांबले नव्हते, पुढे काही नव्हतंच. प्रकाश नव्हता, जलं नव्हती, पशुपक्षी नव्हते. डोळे उघडे होते की मिटलेले तेसुद्धा कळत नव्हतं, आणि कळून काही उपयोगही नव्हता. एक हात होता. त्या हातातली नाडी एखाद्या अडकलेल्या पाखरासारखी त्यांच्या तळव्यावर आपटत होती. दोन वर्षं ही मुलगी त्यांच्या डोक्यावर राहत होती आणि त्यांना तिचं नाव ठाऊक नव्हतं. "हिला श्वास दे," ते म्हणाले. पुढे म्हणाले, "आम्हालाही दे." मग तेही संपलं. येशूच्या नावाने मागायचं राहिलं, आमेन राहिलं.



"लागली नाही," केतकर म्हणाले.

"काय?"

"लाइट."

"मी लाइट मागितली नव्हती."

"मागून ठेवायची होती. एवढी ओळख आहे तर."

आणि अंधारात एक आवाज झाला. अमोलिकांना आधी वाटलं, हुंदका. मग पुन्हा झाला. ती हसत होती. घाबरून, रडत, नाक ओढत, पण हसत होती, आणि त्या हसण्याला जी बारीक चीर पडली होती तिच्यातून श्वास, इतका वेळ अडून बसलेला, एकदम बाहेर आला. मग दुसरा आला. मग तिसऱ्याला कुणाच्या परवानगीची गरज उरली नाही. मग ती बोलायला लागली. ती यवतमाळची. लहानपणी खेळताना भावांनी तिला ज्वारीच्या कणगीत लपवलं होतं आणि विसरून गेले होते. घरी कुणाला हे सांगितलेलं नव्हतं की ऑफिसात ती रोज अकरा मजले जिन्याने चढते. केतकरांनी विचारलं, मग आज लिफ्टमध्ये का शिरलात? तर म्हणाली, तुम्ही दोघं होता म्हणून. त्यावर केतकरांनी मंडईतल्या काटेरी वांग्यांची माहिती सांगायला सुरुवात केली, आणि ती दोघांनी मनापासून ऐकली.

दिवे आले तेव्हा तिघंही लिफ्टच्या जमिनीवर बसलेले होते. उजेडात सगळ्यांना एकमेकांची फार लाज वाटली. अमोलिकांचा उजवा हात सृष्टीच्या हातात होता. डावा हात केतकरांच्या हातात होता, तो कधी गेला कुणास ठाऊक. केतकरांनी त्या जोडीकडे, कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूकडे बघावं तसं बघितलं, हळूच आपला हात काढून घेतला आणि पिशवी उचलली. "वांगी चेपली," ते म्हणाले, आणि तिसऱ्या मजल्यावर उतरून गेले.

आपल्या दारापाशी आल्यावर अमोलिकांनी लगेच घंटा वाजवली नाही. आपण लिफ्टमध्ये काय म्हणालो ते त्यांनी आठवून पाहिलं, आणि ते कसं ऐकू आलं होतं ते त्यांना आठवेना. कान तिथे होता, पण त्याने ऐकलं ते तिच्या श्वासाचं. हे त्यांना इतकं नवीन होतं की ते तसेच उभे राहिले. जिन्याच्या खिडकीतून ऊन आत येत होतं. समोरच्यांच्या दाराबाहेर एक चप्पल उलटी पडली होती, ती त्यांनी सुलटी करून ठेवली. छातीत काहीतरी हलकं झालं होतं आणि त्याचं काय करायचं ते ठाऊक नसल्यामुळे त्यांनी दुसरीही चप्पल सरळ केली.

पण गोदाबाई राहिल्याच होत्या. पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर मंडळी आवारात चहा पीत उभी होती. गोदाबाई एका बाजूला खुर्चीवर बसल्या होत्या. अमोलिक त्यांच्यापाशी गेले आणि वाकून हळूच म्हणाले, "गोदाबाई, माझा घसा बसला नव्हता."

"आं?"

"घसा. बसला नव्हता."

"कोण बसलं नव्हतं?" गोदाबाईंनी कानामागे तळवा धरला. त्यांना जवळजवळ काही ऐकू येत नाही ही गोष्ट, त्या पहिल्या बाकावर बसत असल्यामुळे, अमोलिकांच्या कधी ध्यानातच आली नव्हती. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. आणखी वाकले. आणखी मोठ्याने म्हणाले. गोदाबाईंनी मान हलवली आणि विचारलं, फसा कुठला, मासा का? तेव्हा अमोलिक सरळ उभे राहिले. एके काळी कोल्हापूरची लाइन वादळात असतानाही पलीकडे पोचणारा आवाज त्यांनी लावला. "माझा घसा बसला नव्हता. मी खोटं बोललो. मला प्रार्थना करता येत नव्हती."

कपबशा हातात तशाच राहिल्या. पाटोळे पाळकांच्या हातातलं बिस्किट चहात बुडून तुटलं आणि तळाला गेलं.

"असं होय," गोदाबाई म्हणाल्या. त्यांनी थोडा विचार केला. "म्हणजे आता बसलेला नाही ना?"

"नाही," अमोलिक त्याच आवाजात म्हणाले.

"मग झालं. उपास लागू पडला."

"तुम्ही माझ्यासाठी उपाशी राहिलात, गोदाबाई."

"डॉक्टरनं शुक्रवारचं रातचं जेवण बंदच केलंय मला. म्हटलं फुकट कशाला घालवा, तुझं नाव लावलं." मग काठीने त्यांच्या पायावर टोचून म्हणाल्या, "पण तू गप्प बसत जाऊ नको. तुझं मला काही ऐकायला येत नाही. तू उभा राहिलास की मी आपली माझी सुरू करते. दुसरे लगेच संपवतात. तू लांब करतोस, त्यात माझी सगळी नातवंडं होतात. गेल्या रविवारी धाकटीची पोरं राहूनच गेली बघ."

आपण अब्राहामाला वाळवंटातून चालवत असताना त्याच्या सावलीसावलीने गोदाबाईंची नातवंडं एकेक करून पलीकडे जात होती, हे अमोलिकांच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं. ते हसले की त्यांचे डोळे भरून आले हे बघणाऱ्यांना नीट कळलं नाही. पाटोळे पाळक कप खाली ठेवून जवळ आले आणि खाकरले. "पुढच्या रविवारी मध्यस्थीची प्रार्थना तुमची," ते म्हणाले. "गोदाबाईंची नातवंडं किती आहेत तेवढं फक्त विचारून ठेवा."

घरी आल्यावर तबिथाबाईंनी ताटं वाढली. रूथ मैत्रिणीकडे गेली होती, दोघंच होती. तबिथाबाई खुर्ची ओढून बसल्या, हात जोडले, डोळे मिटले आणि वाट बघायला लागल्या. अमोलिक म्हणाले, "आज तू कर."

तबिथाबाईंनी डोळे उघडले. "मी?"

"हो."

"मला कुठं येतं?"

"येईल तशी कर."

लग्न झाल्यापासून या घरात प्रार्थना अमोलिकच करत आले होते. तबिथाबाईंना करता येते की नाही हे विचारायची वेळच कधी आली नव्हती. तिने पदर सारखा केला, पुन्हा हात जोडले, डोळे घट्ट मिटले, लहान मुलं लपाछपीत मिटतात तसे. अमोलिकांनी मिटले नाहीत. इतकी वर्षं जेवणाआधी ते दोघं समोरासमोर बसत आले होते, आणि प्रार्थना करतानाचा तिचा चेहरा त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. आता ते बघत होते. तिच्या भुवया थोड्या वर गेल्या होत्या. उजव्या पापणीवर एक बारीक तीळ होता. तो तिथे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. डोळे उघडे असताना तो दिसायचाच नाही. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"बापा," ती म्हणाली, "भात आज जरा मऊ झालाय. चालवून घे." मग, पलीकडे कुणीतरी अगदी जवळ बसलंय आणि त्याला ऐकू जाण्याबद्दल काही शंकाच नाही अशा आवाजात म्हणाली, "हे हल्ली गप्प असतात. त्यांच्याशी बोल. नाहीतर त्यांचं तरी ऐक."

तिने एक डोळा उघडला.

"संपलं," ती म्हणाली.

"आमेन म्हणायचं असतं," अमोलिक म्हणाले.

"मग म्हणा की."